रिचमंड नावाचा प्रवास

नकाशावर दोन देशांत एकाच नावाची गावं दिसली की आपण लगेच तर्क करतो: इकडची माणसं तिकडे गेली आणि जाताना गावाचं नावही घेऊन गेली. रिचमंडच्या बाबतीत हा तर्क बहुतेक वेळा चुकतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे रिचमंड आहे. पण मूळ रिचमंडच्या रहिवाशांचा त्यात फारसा हात नाही.

नाव मुळात इंग्रजीही नाही. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या बाजूच्या अ‍ॅलन रूफस या ब्रिटनी प्रांतातल्या (आजच्या फ्रान्समधल्या) सरदाराने १०७१ च्या सुमारास यॉर्कशरमध्ये, स्वेल नदीवरच्या उंच कड्यावर किल्ला बांधायला घेतला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रिश’ म्हणजे बळकट आणि ‘माँ’ म्हणजे डोंगर. नॉर्मंडीत या नावाचं ठिकाण होतंच. तेच इथे लागलं.

किल्ल्याभोवतीची जहागीर मोठी होती. तिच्यासोबत ‘अर्ल ऑफ रिचमंड’ हा किताब रूढ झाला, आणि नाव जमिनीपासून सुटलं. आता ते वारसाहक्काने कुठेही जाऊ शकत होतं. हेन्री ट्यूडरचे वडील याच किताबाचे धनी. हेन्री १४८५ मध्ये बॉसवर्थची लढाई जिंकून राजा झाला. १४९७ च्या नाताळात लंडनजवळ थेम्स नदीकाठचा त्याचा शीन इथला राजवाडा जळाला. नवा बांधून झाल्यावर, १५०१ च्या सुमारास, त्याने त्याला रिचमंड म्हटलं. पाठोपाठ गावही रिचमंड झालं. शीन हे जुनं नाव आज शेजारच्या ईस्ट शीनमध्ये उरलं आहे. यॉर्कशरमधून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर नाव आलं ते केवळ राजाच्या किताबामुळे.

पुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. १७३७ मध्ये व्हर्जिनियात विल्यम बर्ड यांनी जेम्स नदीकाठी शहराची आखणी करवली. तिथून दिसणारं नदीचं वळण त्यांना लंडनच्या रिचमंड हिलवरून दिसणाऱ्या थेम्ससारखं वाटलं, म्हणून शहराचं नाव रिचमंड. डोंगराचं नाव इथे एका देखाव्याचं नाव झालं. (लंडनचा तो देखावा इतका मोलाचा मानला जातो की १९०२ मध्ये ब्रिटिश संसदेने त्याच्या रक्षणासाठी कायदा केला.)

दरम्यान १६७५ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आपल्या अनौरस मुलाला ‘ड्यूक ऑफ रिचमंड’ केलं. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन बेटाची काउंटी १६८३ मध्ये या मुलाच्या नावाने रिचमंड झाली. कॅनडात ओटावाजवळचं रिचमंड १८१८ चं, निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं. त्याला नाव मिळालं ते गव्हर्नर जनरल असलेल्या चौथ्या ड्यूकचं. पुढच्याच वर्षी हे ड्यूक त्याच परिसरात रेबीजने वारले. त्यांना पाळीव कोल्हा चावला होता.

म्हणूनच गावनावांचे अभ्यासक नुसत्या नकाशावर विसंबत नाहीत. जुन्या सनदा, जमिनीचे दस्त, रोजनिश्या चाळून ते नावाची पहिली नोंद आणि त्यामागचं कारण शोधतात. इंग्लंडमध्ये १९२३ पासून इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी हे काम एकेक परगणा घेऊन करत आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ या पद्धतीची गरज नीट दिसते: तिथल्या टेकडीला गव्हर्नर फिलिप यांनी १७८९ मध्ये रिचमंड म्हटलं ते तिसऱ्या ड्यूकसाठी, तर १८१० मध्ये शेजारच्या गावाला तेच नाव देताना गव्हर्नर मॅक्वारी यांनी तिथलं सृष्टिसौंदर्य आणि इंग्लंडमधल्या रिचमंडशी असलेलं साम्य नोंदवलं.