घामोळं नाही ते, भाजलंय! टॅनिंग बेडनंतरची खाज आणि आपली ठरलेली पावडर

जळगाव, धुळे, भुसावळची पोरंपोरी आता जर्मनी, आयर्लंड, इंग्लंडला शिकायला जातात. तिकडे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार, मग कुणीतरी रूममेट म्हणते चल टॅनिंग बेडला (अंग सावळं करून घ्यायला ज्यात झोपतात ती दिव्यांची पेटी), जरा गरम पण वाटेल आणि व्हिटॅमिन डी पण मिळेल, आणि आपली पोरगी जाते. दुसऱ्या दिवशी पाठ, छाती, मांड्या चुणचुणायला लागतात, फोटो येतो फॅमिली ग्रुपवर, आणि इकडून मावशी, आत्या, काकू सगळ्यांचं उत्तर एकच, "काही नही वं माय, घामोया शेतस त्या, पावडर लाव."

हे मी इतक्या ग्रुपवर वाचलंय की आता एकदा लिहूनच टाकते. घामोळं वेगळं आणि अल्ट्राव्हायोलेटने, म्हणजे उन्हातल्या आणि या दिव्यांतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी, भाजणं वेगळं. दिसायला फोटोत दोन्ही लालसर, दोन्ही चुणचुणतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर त्रास वाढतो.

घामोळ्यावर खानदेशातल्या माणसाला मी काय शिकवणार. एप्रिल-मेत पारा 44-45 ला टेकतो तेव्हा घरटी एकाला तरी असतंच. घामाच्या नळ्यांची तोंडं बंद होतात, घाम आतल्या आत झिरपतो आणि बारीक दाणे येतात, टोचल्यासारखी खाज. मान, कंबरेची नाडी, कोपराचा आतला भाग, जिथे कापड घासतं आणि वारा लागत नाही तिथे. कूलरसमोर बसलं, सुती घातलं, कोरडं ठेवलं की दोन-तीन दिवसांत उतरतं. एवढं पुरे.

आता खरा घोळ कुठे होतो ते सांगते. आपल्या डोक्यात ऊन म्हणजे गरमी हे इतकं पक्कं बसलंय की गरम लागलं नाही म्हणजे भाजलं नाही असं आपण धरून चालतो. आपल्याकडे मे महिन्यात दोन्ही गोष्टी एकदमच अंगावर येतात ना, उष्णता पण आणि अल्ट्राव्हायोलेट पण, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे कळायचं कारणच पडत नाही. पण त्वचा भाजते ती अल्ट्राव्हायोलेटने, आणि ते अंगाला जाणवत नाही. अजिबात नाही. जाणवते ती फक्त उष्णता. टॅनिंग बेडमध्ये तर पंखा लावलेला असतो, छान गार वारा लागत असतो, पोरगी डोळे मिटून गाणी ऐकत पडते आणि बाहेर येऊन म्हणते "काहीच वाटलं नाही गं". वाटणारच नाही! युरोपात या बेडच्या ताकदीला मर्यादा आहे, त्वचा भाजण्याच्या हिशोबात 0.3 वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे यूव्ही इंडेक्स (अल्ट्राव्हायोलेट किती कडक आहे ते सांगणारा आकडा) 12. आणि 11 किंवा त्यापुढच्या इंडेक्सला जागतिक आरोग्य संघटना सगळ्यात वरच्या, एक्स्ट्रीम गटात टाकते. तसल्या उन्हात आपण छत्री, रुमाल, कडुलिंबाची सावली शोधतो, तिकडे ही बाई जवळजवळ उघड्या अंगाने वरून खालून दिव्यांच्या मध्ये झोपते, तेही सगळा हिवाळा स्वेटरमध्ये गेलेल्या त्वचेवर.

आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. उष्णतेने आलेली लाली लगेच दिसते आणि गार झालं की तासाभरात जाते. अल्ट्राव्हायोलेटचं तसं नाही, ते पेशींच्या आत डीएनएला मार देतं, मग शरीर तिथे सूज आणतं, आणि या सगळ्याला वेळ लागतो. लाली आणि आग साधारण तीन ते सहा तासांनी सुरू होते, बारा ते चोवीस तासांत सगळ्यात जास्त असते, दोन-तीन दिवसांत ओसरते आणि आठवड्याभरात कातडी सुटायला लागते. एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वेल्डिंगकडे बिनचष्म्याने बघितलं तर त्या वेळी काही होत नाही, रात्री झोपायच्या वेळेला डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि माणूस तळमळतो. तेच अल्ट्राव्हायोलेट, तोच उशीर, फक्त डोळ्याच्या जागी कातडी. (आणि हो, टॅनिंग बेडमध्ये गॉगल न घालणाऱ्यांचे डोळेही रात्री असेच दुखतात, नुसत्या पापण्या मिटून भागत नाही.)

म्हणून ग्रुपवर पहिला प्रश्न "कसं दिसतंय" हा विचारूच नका, "कधी सुरू झालं" हा विचारा. बेडमध्ये असतानाच किंवा बाहेर आल्या आल्या खाजलं आणि दाणे आले तर घामोळं असेल, किंवा तिथे लावलेल्या लोशनचा, बेड पुसायच्या स्प्रेचा त्रास असेल. संध्याकाळी गेली, काही नाही, आणि पहाटे पाठ टेकवेना, तर ते भाजलंय. या उशिरामुळेच आणखी एक मूर्खपणा होतो, काही झालं नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी परत जायचं आणि दोन मिनिटं वाढवायची, म्हणजे पहिलं भाजलेलं अजून पूर्ण वर यायचं असतं त्याच्यावर दुसरं. पहिल्या दोन सेशनच्या मध्ये निदान 48 तास ठेवा असं सांगतात ते उगाच नाही.

जागेवरून पण अंदाज येतो पण तो पक्का नाही. घामोळं कपड्याच्या आत, भाजणं कपड्याच्या बाहेर, आणि इलॅस्टिकपाशी एकदम रेघ मारल्यासारखी हद्द. मात्र बेडच्या प्लास्टिकवर पाठ टेकून घाम येतो, तेव्हा पाठीवर दोन्ही एकत्र असू शकतं. बोटांनी चाचपून बघितलेलं बरं. घामोळं खरखरीत लागतं, भाजलेली त्वचा सपाट, तापलेली, हात लागला तरी दुखणारी. ब्राचा पट्टा टोचतो, शॉवरचं कोमट पाणी गरम लागतं.

चाचपायचं यासाठी पण की आपल्या रंगावर लाली नीट दिसतच नाही. "आपण सावळे, आपल्याला कुठे सनबर्न होतो" हे वाक्य ऐकलं की मला चीड येते. त्वचेचे सहा प्रकार करायची फिट्झपॅट्रिक पद्धत आहे, त्यात आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो, म्हणजे गोऱ्यांपेक्षा उशिरा भाजतो, भाजत नाही असं नाही. लाल व्हायच्या ऐवजी काळपट-तांबूस दिसतं आणि घरचे म्हणतात "टॅन झालीस". आणि नंतर जे डाग राहतात ते आपल्याच रंगावर महिनोन्‌महिने राहतात.

उपाय बघा आता कसा उलटा पडतो ते. घामोळ्याला कोरडं हवं म्हणून पावडर. भाजलेल्या त्वचेला ओलावा हवा, तिथे पावडर किंवा मुलतानी माती लावली की कातडी अजून ओढते आणि तडकते. गार पाण्याची पट्टी (बर्फ थेट नको), साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, ढगळ सुती कपडे, भरपूर पाणी, आणि बरं होईपर्यंत ना बेड ना ऊन. कॅलामाइन दोन्हीला चालतं, फक्त भाजलेल्यावर ते वाळून ओढायला लागलं तर थांबवायचं. फोड फोडू नका. मोठ्या भागावर फोड, ताप, थंडी, उलटी, डोळ्याला उजेड सहन न होणं, यातलं काही असेल तर ग्रुप सोडा आणि डॉक्टर गाठा.

लिंबू आणि हळद लावा म्हणणाऱ्यांनी तर कृपा करा. लिंबाच्या रसात आणि सालीत असे पदार्थ असतात की त्यावर यूव्हीए (अल्ट्राव्हायोलेटचा एक प्रकार) पडलं की तिथेच त्वचा भाजते आणि काळे चट्टे उठतात, आणि टॅनिंग बेडचे दिवे मुख्यतः यूव्हीएच देतात. म्हणजे सकाळी घरगुती लिंबू-बेसन फासून संध्याकाळी बेडमध्ये जाणं हे चट्टे मागून घेणंच आहे. बावची या औषधी वनस्पतीचंही तेच, कोडावर बावची लावून उन्हात बसवतात ते याच गुणासाठी, तिचं तेल "नॅचरल" म्हणून अंगाला लावून कुणी दिव्याखाली जाऊ नका, त्याचं भाजणं तर दोन-तीन दिवसांनी वर येतं.

व्हिटॅमिन डीचं पण एकदा मिटवते. ते त्वचेत तयार होतं यूव्हीबीने, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटच्या दुसऱ्या प्रकाराने, आणि या बेडमध्ये यूव्हीबीचा वाटा थोडाच असतो. थेंब किंवा गोळी स्वस्त पडते, भाजत नाही. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने टॅनिंग बेडना पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलं, तंबाखू ज्या गटात आहे त्याच, ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली, जर्मनी-इंग्लंडमध्ये 18 च्या आतल्यांना मनाई आहे. माझं मत विचाराल तर जाऊच नका, पण मत न विचारता जाणारेच जास्त असतात म्हणून हे सगळं लिहिलं.

एक तिसरा प्रकार पण असतो, थोडक्यात सांगते. काहींना बऱ्याच दिवसांनी प्रकाश मिळाला की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उघड्या भागावर, छातीवर आणि हातांवर, खाजरे पुंजके येतात, ती प्रकाशाची ॲलर्जी. उशीर भाजण्यासारखा आणि दाणे घामोळ्यासारखे, त्यामुळे घरबसल्या ओळखायच्या भानगडीत पडू नका, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. आणि दाखवताना चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असतं, ते पोरगी सांगायला हमखास विसरते, आणि त्या गोळीवर तर दिवे सोडा, साध्या उन्हातही त्वचा पटकन भाजते.