टेक-होम असाइनमेंट (नोकरभरती)

नोकरीच्या निवडप्रक्रियेत उमेदवाराला घरी करायला दिलेले नमुनाकाम. मुंबईत बोलताना नुसते ‘असाइनमेंट’ म्हणतात. प्रोग्रॅमरला छोटे ॲप करायला सांगतात, डिझायनरला स्क्रीन आखायला, जाहिरात-लेखकाला हिंदी मोहीम मराठीत आणायला.

काम बघून माणूस घ्यायची रीत जुनीच. आखाती देशांतल्या नोकऱ्यांसाठी मुंबईत वेल्डर-फिटरांची ट्रेड टेस्ट होते. तिथे प्लेट, रॉड, मशीन केंद्राचे असते. परीक्षकासमोर जोड मारला की उमेदवार हात धुऊन मोकळा. टेक-होममध्ये लॅपटॉप, वीज, रविवार सगळे उमेदवाराचेच जाते. हा फरक भरती करणाऱ्यांनी पुरेसा ओळखलेला नाही.

नमुनाकामाला संशोधनाचा आधार आहे, पण तो पूर्वी वाटला तेवढा भक्कम नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांचे संशोधन एकत्र करून नमुनाकाम आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध 0.54 मांडला होता (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या 2022 च्या फेरहिशेबात तो 0.33 वर आला. सर्वांना ठरलेलेच प्रश्न विचारणारी मुलाखत 0.42 सह पुढे गेली.

नोकरीत असलेल्या उमेदवाराची अडचण वेगळी. डोंबिवली ते सीएसएमटी सुमारे 50 किलोमीटर. रोज ही ये-जा करणारा घरी पोचतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. जेवणे उरकतात, मुले झोपतात, मग ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो. मेलमध्ये ‘चार तास पुरेत’ असे लिहिलेले असते. त्या चार तासांत प्रश्न समजून घेणे, सेटअप, कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिणे आणि रीडमी, म्हणजे कोडसोबतची माहितीची नोंद, सहसा धरलेले नसते. समोर दुसरा उमेदवार पूर्ण शनिवार-रविवार घालणार ही धास्ती असतेच, म्हणून चाराचे बारा होतात. ज्याच्याकडे घरी आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे, तो इथेच मागे पडतो, आणि कारण कौशल्याचे नसते.

लॅपटॉपचाही प्रश्न आहे. अनेकांकडे ऑफिसने दिलेला एकच लॅपटॉप असतो. त्यावर दुसऱ्या कंपनीचे काम करणे बहुधा करारात बसत नाही आणि हालचालींची नोंदही राहू शकते. मग मित्राचा लॅपटॉप दोन दिवस मागून आणावा लागतो.

केलेल्या कामाची मालकी हा वादाचा मुद्दा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. उमेदवार अजून नोकर नसतो, म्हणून हक्क त्याचाच. तो दुसऱ्याच्या नावे करायला कलम 19 प्रमाणे सहीचा लेखी करार लागतो, त्यामुळे असाइनमेंटसोबत येणारा सहीचा कागद नीट वाचावा. कल्पनेला मात्र कॉपीराइट नाही. जाहिरात-लेखकाने दिलेली मोहिमेची कल्पना कोणी उचलली तर दाद मागणे फार अवघड.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यावर, घरून आलेले काम कोणी केले हा संशय वाढला. उपाय म्हणून काही ठिकाणी उमेदवाराला समोर बसवून त्याच कोडमध्ये बदल करायला सांगतात. काही कंपन्या असाइनमेंट वगळून दीड तास उमेदवारासोबत बसून काम करतात. नोकरीत असलेल्या उमेदवाराला हे सोयीचे, कारण तेवढाच वेळ कंपनीच्या माणसालाही द्यावा लागतो. असाइनमेंट द्यायचीच असेल तर ती शेवटच्या दोघा-तिघांनाच, मोबदला ठरवून आणि मध्ये दोन रविवार येतील एवढ्या मुदतीने द्यावी. शुक्रवारी संध्याकाळी मेल आणि सोमवारी सकाळी दहाची मुदत, ही आज सर्रास दिसणारी पद्धत त्यात बसत नाही.