पर्यावरणपूरक धंदा आणि त्याचे फायदे (सोलापूर)

पर्यावरणपूरक धंदा म्हणजे असा धंदा की ज्यात माल बनवताना पाणी, वीज, जळण गरजेपुरतंच वापरलं जातं आणि उरलेला रंग, धूर, कचरा शेजाऱ्याच्या विहिरीत किंवा शेतात जात नाही. कारखान्यासमोर चार झाडं लावली की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते नंतरचं. खरं काम आत मशीनवर असतं आणि फायदाही तिथूनच निघतो.

सोलापुरात हा विषय आधी पाण्याचा. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिमी पाऊस, तोही बेभरवशाचा, शहराला पाणी येतं ते साधारण १०० किमी लांब उजनी धरणातून, आणि घरात नळाला चार-चार पाच-पाच दिवसांनी पाणी यायची सवय लोकांना वर्षानुवर्षं आहे. उन्हाळ्यात कारखानदाराला टँकर घ्यावा लागतो. अशा गावात पाणी वाचवणं हे पुण्यकर्म म्हणून नाही तर रोजचा खर्च म्हणून बघावं लागतं, आणि तसं बघितलं की हिशोब लगेच कळतो.

सगळ्यात मोठा हिशोब डाय हाऊसचा, म्हणजे जिथे सूत रंगवतात तिथला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यांचा रंग सुतावर चढतो तो पाण्यातूनच. जुन्या पद्धतीत एक किलो सुताला एका वेळी दहा लिटर पाणी घेतलं आणि रंगवणं-धुणं धरून आठ वेळा पाणी बदललं तर ८० लिटर झालं. कमी पाण्यात चालणारं मशीन सहा लिटरवर काम करतं, म्हणजे तेच काम ४८ लिटरमध्ये. आणि इथे पाणी एकटं वाचत नाही, कारण ते पाणी तापवायचं असतं, त्यामुळे पाणी कमी म्हणजे बॉयलरचं जळणही कमी, शिवाय पाण्याच्या प्रमाणात मीठ टाकावं लागतं म्हणून मीठही कमी. सुती धाग्यावर रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी पक्का जोडला जाणारा रंग) बसवायला लिटरमागे ५०-६० ग्रॅम मीठ सहज लागतं आणि हे मीठ साध्या ईटीपीमध्ये (सांडपाणी साफ करायच्या प्लांटमध्ये) निघत नाही, त्याला आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळणारी यंत्रणा) नाहीतर पाणी आटवायची यंत्रणा लागते जी फार महाग पडते. म्हणून मीठ आधीच कमी टाकणं हाच स्वस्त उपाय. एकदा खारट रंगीत पाणी जमिनीत मुरलं की आजूबाजूच्या बोअरचं पाणी खराब होतं, आणि मग त्याच कारखान्याला त्याच्याच बोअरचं पाणी रंगवायला चालत नाही!

बॉयलरचं अजून एक सांगायलाच हवं. वाफ वापरून झाली की तिचं गरम पाणी बनतं, ते बऱ्याच ठिकाणी गटारात सोडतात. ते परत बॉयलरला दिलं तर फायदाच, कारण बॉयलरला जाणारं पाणी ६ अंशांनी गरम असेल तर जळण साधारण १ टक्का वाचतं. एक पाईप, एक टाकी, एक पंप, बाकी काही नाही. वाफेच्या पाईपला उष्णता अडवणारा नीट लेप नसणं हीसुद्धा अशीच रोजची गळती आहे.

पॉवरलूमवाल्यांचा मुद्दा विजेचा. पत्र्याची मोठी छपरं आणि वर सोलापूरचं ऊन, त्यामुळे सोलर इथे शोभेची वस्तू नाही. १ किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते, सुट्टीच्या दिवशी माग बंद असले तरी नेट मीटरिंगमधून, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन, ती वीज बिलाच्या हिशोबात धरली जाते. पत्र्यावर पॅनेलची सावली पडली की खालचं शेडही जरा कमी तापतं, आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर गेल्यावर मागाच्या खडखडाटात उभ्या असलेल्या कामगाराला हे बिलापेक्षा मोठं वाटतं.

जिल्ह्यातले साखर कारखाने हे दुसरं मोठं उदाहरण. एक टन उसातून साधारण ३०० किलो बगॅस (रस काढल्यावर उरलेला चोथा) निघतो, तो जाळून कारखाना स्वतःची वीज बनवतो आणि उरलेली विकतो. प्रेसमडचं (रस गाळल्यावर उरलेल्या गाळाचं) खत होतं. पण डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश (काळपट सांडपाणी) निघतो, आणि तो ओढ्यात गेला तर मासे मरतात, विहिरी काळ्या होतात, पुढे भीमेला त्रास. तोच आटवून जाळला किंवा खतात मिसळला तर पालाश परत शेतात जातं.

गिऱ्हाईक हे आणखी एक कारण. कर्करोगाचा धोका असलेल्या ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी आणली, भारतात १९९७ पर्यंत अशा ११२ रंगांवर बंदी आली, आणि आज परदेशी खरेदीदार टॉवेलसाठी ओएको-टेक्ससारखं (कापडात घातक रसायनं नाहीत असं सांगणारं) सर्टिफिकेट मागतो. डाळिंबाचंही तसंच, युरोपला माल पाठवायचा तर औषधाचा अंश मर्यादेतच पाहिजे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे, त्यामुळे कमी फवारणीत बाग कशी सांभाळायची याचा सल्ला इथल्या शेतकऱ्याला जवळ मिळतो.

आता अडचण. मशीन बदलायला पैसा एकदम लागतो आणि बचत हळूहळू येते. दोन-चार मागांच्या मालकाला किंवा छोट्या डाय हाऊसला पाणी साफ करायचा स्वतःचा पूर्ण प्लांट परवडत नाही, हे खरं आहे आणि त्यांना नुसती नोटीस देऊन पाणी साफ होत नाही. बऱ्याच युनिटचं पाणी एकत्र करून सामायिक प्लांट चालवणं हाच त्यावर पटणारा मार्ग वाटतो, फक्त त्यात प्रत्येकाने आपलं पाणी आधी मोजलं पाहिजे, नाहीतर वर्गणीवरूनच भांडणं. लेप, गळती, गरम पाणी परत घेणं या गोष्टी मात्र लहान युनिटलाही जमतात.

पॅकिंगवर 'इको' लिहिण्याबाबत सावध राहावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा खोट्या किंवा मोघम दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, दावा केला तर पुरावा दाखवता आला पाहिजे. ज्या कारखान्यात पाण्याला, विजेला, वाफेला वेगवेगळे मीटर आहेत आणि रंगाची बिलं जपून ठेवलेली आहेत, त्याच्याकडे निम्मा पुरावा आधीच तयार असतो.