शहरी सुरक्षा सेवांचे मूल्यमापन

पोलीस, अग्निशमन दल आणि तातडीची रुग्णवाहिका सेवा नागरिकांपर्यंत किती लवकर पोहोचतात, सगळ्या वस्त्यांना सारख्याच मिळतात का आणि त्यांच्यामुळे जीव व मालमत्ता खरोखर वाचते का, हे तपासण्याची पद्धत. ज्या शहराची हद्द आणि लोकसंख्या फारशी बदलत नाही तिथे हे काम तुलनेने सोपे असते. वाढत्या शहरात मात्र ज्या आकड्यांनी मोजायचे तेच जुने झालेले असतात. या नोंदीत पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराचे उदाहरण मुख्यतः घेतले आहे.

भारतात या तीन सेवा तीन वेगळ्या यंत्रणांकडे आहेत. पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. अग्निशमन सेवा १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांनी सांभाळावयाच्या कामांत आली. महाराष्ट्रातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने सुरू केली, तर ११२ हा एकत्रित क्रमांक राज्यात २०२१ मध्ये आला आणि त्याची नियंत्रण केंद्रे नवी मुंबई व नागपूर येथे आहेत. एकाच अपघातासाठी या तिन्ही सेवांना बोलवावे लागले, तर प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या दप्तरात राहतात. कोण किती वाजता आले हे एका कागदावर पाहायला मिळणे दुर्मीळच, आणि मूल्यमापनाची पहिली अडचण इथेच सुरू होते.

प्रतिसादकाळ

सर्वांत जास्त वापरले जाणारे माप म्हणजे प्रतिसादकाळ. तो एकसंध नसतो. १०१ वर फोन आला की नियंत्रण कक्षातील कर्मचारी पत्ता विचारतो, जवळची खूण विचारतो, काय पेटले आहे आणि कोणी अडकले आहे का ते विचारतो. मग वर्दी (आगीची सूचना) जवळच्या केंद्राला दिली जाते, घंटा वाजते, जवान बंबावर चढतात आणि बंब केंद्राबाहेर पडतो. यापुढे प्रवास. घटनास्थळी पोहोचल्यावर होज (पाण्याचा लवचीक पाइप) अंथरून पाण्याचा मारा सुरू होईपर्यंत आणखी काही मिनिटे जातात. फोन उचलला तेव्हापासून मोजायचे की बंब केंद्राबाहेर पडला तेव्हापासून, हे सांगितल्याशिवाय ‘सरासरी सहा मिनिटे’ या वाक्याला काही अर्थ नाही. म्हणूनच अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेचे ‘१७१०’ हे मानक हे टप्पे वेगवेगळे मोजते: आगीची वर्दी मिळाल्यावर ८० सेकंदांत जवानांनी निघावे आणि पहिला बंब २४० सेकंदांच्या प्रवासात पोहोचावा, तेही किमान ९० टक्के वेळा.

नव्याने वसलेल्या भागात पहिल्या टप्प्यातच वेळ जातो. रस्त्याला नाव नसते, सारख्याच नावाच्या दोन सोसायट्या असतात, आणि फोन करणारा घाबरलेला माणूस ‘पेट्रोल पंपाच्या मागे’ एवढेच सांगू शकतो. पुढे फाटकाची कमान बुटकी असते किंवा आतल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. बंब फाटकाशी पोहोचला की नोंदीतले घड्याळ सहसा थांबते. आग बाराव्या मजल्यावर असेल तर तिथपर्यंत चढायला लागलेला वेळ हिशेबात येतच नाही. उंच इमारतींच्या शहरात हा शेवटचा टप्पा मोजायलाच हवा.

ही मिनिटे का महत्त्वाची, याला शरीरशास्त्र आणि आगीचे शास्त्र असे दोन आधार आहेत. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला छातीवर दाब किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. बंद खोलीत फोमच्या गाद्या आणि पडदे पेटले, तर काही मिनिटांतच सगळी खोली एकदम भडकते. पोलिसांच्या बाबतीत मात्र मिनिटांचा हा हिशेब तसाच लागू होत नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासात असे आढळले, की बहुतेक गुन्ह्यांत लोक पोलिसांना कळवण्यापूर्वीच बराच वेळ घालवतात आणि त्यामुळे गाडी थोडी लवकर पोहोचल्याने आरोपी सापडण्याची शक्यता फारशी वाढत नाही. चोरी होऊन गेल्यानंतरची तक्रार आणि ‘दार तोडत आहेत, लवकर या’ हा फोन एकाच सरासरीत घालणे चूक आहे.

सरासरीचा दोष

समजा, एका शहरात महिन्याला १०० वर्द्या येतात. ८० जुन्या भागातून, तिथे बंब ५ मिनिटांत पोहोचतो. २० हद्दीवरच्या नव्या भागातून, तिथे १८ मिनिटे लागतात. सरासरी ७.६ मिनिटे. पुढच्या वर्षी दोन्हीकडे सुधारणा झाली, जुन्या भागात ४.५ आणि नव्या भागात १६ मिनिटे. पण नव्या भागाची वस्ती वाढून तिथल्या वर्द्या ४० झाल्या. आता सरासरी ८.३ मिनिटे निघते. प्रत्येक भागात सेवा सुधारली, तरी शहराचा आकडा बिघडला. उलटही घडू शकते: जुन्या भागातल्या भरपूर वर्द्यांच्या आड हद्दीवरचा उशीर झाकला जातो. यावर उपाय म्हणजे शंभरपैकी नव्वद वर्द्यांना जास्तीत जास्त किती वेळ लागला ते पाहणे, आणि तेही प्रभागवार. इंग्लंडमध्ये २०१७ पासून जिवावर बेतलेल्या रुग्णांसाठी सरासरी ७ मिनिटे आणि ९० टक्के वेळा १५ मिनिटांच्या आत अशी दोन्ही उद्दिष्टे एकत्र ठेवली जातात.

भाजक: लोकसंख्या आणि हद्द

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग २० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांचे गुन्ह्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे देतो. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे या शहरांसाठी २०११ चीच लोकसंख्या वापरली गेली. पुणे शहरसमूहासाठी ती सुमारे ५०.५ लाख आहे. समजा, ५० लाखांच्या शहरात वर्षाला १५,००० गुन्हे नोंदले गेले. प्रमाण ३०० आले. प्रत्यक्षात शहर ७५ लाखांचे झाले असेल, तर खरे प्रमाण २०० आहे. म्हणजे जुन्या जनगणनेमुळे शहर आहे त्याहून असुरक्षित दिसते. त्याच वेळी दर लाखामागे पोलीस किती आणि अग्निशमन केंद्रे किती, हे गुणोत्तर मात्र आहे त्याहून चांगले दिसते. मनुष्यबळाची मागणी मांडताना हा दुसरा परिणाम फार नडतो, कारण कागदावर तुटवडा कमी भरतो.

दिवसा येणारी माणसे हा आणखी एक प्रश्न. मुंबई महापालिकेच्या ए विभागात, म्हणजे कुलाबा, फोर्ट आणि चर्चगेट परिसरात, २०११ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार रहिवासी होते. कामाच्या दिवशी तिथे त्याच्या कित्येक पट माणसे असतात. रहिवाशांच्या संख्येने भागले तर तिथला पाकीटमारीचा दर भयंकर वाटेल.

हद्दही हलते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये २३ गावे आली आणि क्षेत्रफळ ५०० चौ. किमीच्या आसपास गेले. शहरी भागात दर १० चौ. किमीला एक अग्निशमन केंद्र, हा केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष लावला तर एवढ्या शहराला पन्नासेक केंद्रे लागतात. गावे एका अधिसूचनेने हद्दीत येतात. केंद्रासाठी जागा, इमारत, बंब आणि भरती यांना वर्षे लागतात. पोलिसांच्या हद्दीही याच काळात बदलल्या. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, आणि २०२१ मध्ये लोणीकंद व लोणी काळभोर ही ठाणी पुणे ग्रामीणमधून शहर आयुक्तालयात आली. त्यामुळे पुणे शहराचे २०१७ आणि २०२२ चे गुन्हे शेजारी ठेवून ‘वाढ’ किंवा ‘घट’ काढणे निरर्थक आहे. ठाणेवार आकडे घेऊन एकाच भूभागाची दोन्ही वर्षे जुळवावी लागतात. महापालिकेची आणि पोलिसांची हद्द एक नसते, हेही लक्षात ठेवावे लागते: हिंजवडी पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या हद्दीत असली, तरी पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाही.

नोंद आणि वास्तव

पोलिसांचे आकडे हे घडलेल्या गुन्ह्यांचे नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीविना पोलीस ज्याचा तपास सुरू करू शकतात अशा, गुन्ह्याची खबर मिळताच गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले. तरीही हिसकावलेल्या मोबाइलची ‘गहाळ’ म्हणून नोंद होते, किंवा प्रकरण अदखलपात्र म्हणून मिटवले जाते. ज्या ठाण्यात फिर्याद सहज घेतली जाते तिथे गुन्हे जास्त दिसतात, आणि ‘गुन्हे वाढले’ म्हणून त्याच ठाण्याला जाब विचारला जातो. प्रामाणिक नोंदीला शिक्षा करणारी ही पद्धत या विषयातला सर्वांत मोठा दोष आहे.

तो फक्त आपल्याकडचा नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९४ मध्ये कॉम्पस्टॅट पद्धत सुरू केली. दर आठवड्याचे आकडे समोर ठेवून ठाणेप्रमुखांना उत्तरे द्यावी लागत. पुढे याच दडपणाखाली गंभीर गुन्हे हलक्या सदरात टाकले जातात, अशी टीका झाली. ब्रिटनमध्ये पोलिसी गुन्हे-आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ दर्जा जानेवारी २०१४ मध्ये काढून घेण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या तपासणीत पोलिसांना कळवलेल्या पाचांपैकी जवळपास एक गुन्हा नोंदलाच जात नसल्याचे दिसले. म्हणून घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्यासोबत काय घडले आणि तुम्ही तक्रार केली का’ असे विचारणारी पाहणी लागते. इंग्लंड व वेल्समध्ये ती १९८२ पासून होते. मुंबईत प्रजा फाउंडेशन माहिती अधिकारातून मिळालेले आकडे आणि घरोघरची पाहणी एकत्र मांडत आले आहे.

दोषारोपपत्र किती प्रकरणांत दाखल झाले आणि किती खटल्यांत दोष सिद्ध झाला, हे आकडे तपासाचा दर्जा सांगतात. पण निकाल अनेक वर्षांनी लागत असल्याने यंदाचे दोषसिद्धीचे प्रमाण जुन्या तपासाबद्दल असते. आगीतील मृत्यू एका शहरात वर्षाला थोडे असल्याने किमान पाच वर्षांची बेरीज पाहावी. प्रतिबंधाचे मोजमाप जवळजवळ होतच नाही. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. अशी किती प्रमाणपत्रे आली आणि त्यांपैकी कितींची प्रत्यक्ष पडताळणी झाली, हा आकडा बंबांच्या संख्येइतकाच मोलाचा आहे.

पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तोवर मिळकतकराच्या नोंदी, घरगुती वीजजोडण्या आणि भोगवटा प्रमाणपत्रे यांवरून गावनिहाय लोकसंख्येचा अंदाज बांधता येतो. तो अचूक नसतो. तरी नवे अग्निशमन केंद्र कुठे आधी हवे किंवा कोणत्या ठाण्याचे विभाजन करावे, हे ठरवायला २०११ च्या आकड्यापेक्षा तो कितीतरी उपयोगी आहे.