सांडलेलं तेल मोजायचं कुणी?

7 ऑगस्ट 2010 च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया 3' ही दोन मालवाहू जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली. तिच्यावरचे कंटेनर समुद्रात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. टाक्यांमधून सुमारे 800 टन इंधन तेल पाण्यात गेलं आणि भरतीच्या पाण्यासोबत उरण, घारापुरी ते वाशीपर्यंतच्या तिवरांत शिरलं. मासळी खायची की नाही, या भीतीने गिऱ्हाईक बाजाराकडे फिरकेना.

या टकरीच्या जेमतेम तीन आठवडे आधी, 15 जुलैला, मेक्सिकोच्या आखातातल्या मकोंडो विहिरीचं तोंड कसंबसं बंद झालं होतं. ती विहीर 87 दिवस समुद्रात तेल ओकत होती. दोन्ही घटनांचं आकारमान अजिबात सारखं नाही, पण जबाबदारीचा प्रश्न दोन्हीकडे एकाच जागी येऊन अडतो: किती तेल सांडलं आणि त्याने काय गेलं, हे सांगणार कोण?

मकोंडोची हकिगत नीट पाहण्यासारखी आहे. विहीर बीपी कंपनीची, 'डीपवॉटर होरायझन' हा तरंगता फलाट ट्रान्सओशनचा, सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं. पाण्याची खोली सुमारे दीड किलोमीटर. 20 एप्रिल 2010 रोजी विहिरीच्या तळाशी भरलेलं सिमेंट पक्कं बसलंय का, हे तपासायला दाबाची चाचणी घेतली गेली. वरचा दाब काढून घ्यायचा आणि खालून काही जोर लावतंय का ते बघायचं, अशी ही चाचणी असते. सिमेंट पक्कं असेल तर काटा शून्यावर राहतो. त्या संध्याकाळी खोदाईच्या नळीवरचा काटा 1400 पौंड प्रति चौरस इंच दाखवत होता. दुसऱ्या एका नळीतून काही वाहत नव्हतं, तेवढ्यावर भरवसा ठेवून चाचणी यशस्वी ठरवली गेली. काही तासांत वायू वर आला आणि स्फोट झाला. 11 कामगार गेले. विहिरीचं तोंड आवळून बंद करण्यासाठी तळावर बसवलेलं ब्लोआउट प्रिव्हेंटर हे अजस्र यंत्रही ऐन वेळी निकामी ठरलं. ज्या अपघाताची सूचना काट्याने आधीच दिली होती, त्याला मी दुर्दैव म्हणू शकत नाही.

पुढे जे झालं ते मला याहून गंभीर वाटतं. सुरुवातीला सांगितलं गेलं की रोज 1000 पिंपं तेल गळतंय, मग आकडा 5000 वर गेला. समुद्रतळावरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण बाहेर आल्यावर शास्त्रज्ञांनी उसळत्या तेलातल्या भोवऱ्यांचा वेग चित्रीकरणाच्या एकेका चौकटीवरून मोजला. ते आकडे कित्येक पटींनी मोठे निघाले. सरकारचा अंतिम अंदाज सुरुवातीच्या दिवसांसाठी रोज 62,000 पिंपांचा होता. एक पिंप म्हणजे 159 लिटर.

हा आकडा इतका महत्त्वाचा, कारण अमेरिकी कायद्यात दंड पिंपागणिक लागतो. तेव्हा साधा दोष असेल तर पिंपामागे 1100 डॉलरपर्यंत, घोर निष्काळजीपणा असेल तर 4300 पर्यंत दंड होता. कोर्टात कंपनी म्हणाली, साडेचोवीस लाख पिंपं. सरकार म्हणालं, त्याहून कितीतरी जास्त. न्यायालयाने 31 लाख 90 हजार धरली, म्हणजे सुमारे 50 कोटी लिटर. दोषाची वाटणी बीपी 67 टक्के, ट्रान्सओशन 30, हॅलिबर्टन 3 अशी झाली. गळतीचा आकडा दडवून अमेरिकी संसदेच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हा 2012 मध्ये बीपीने स्वतः कबूल केला. गळती हा अपघात असल्याचं एकवेळ मान्य करता येईल. आकडा लपवणं मात्र शांत डोक्याने घेतलेला निर्णय असतो, आणि किनारा वाचवायला किती होड्या, किती अडथळे, किती माणसं लागणार हे त्याच आकड्यावर ठरत असतं.

आता आपल्या खाडीकडे या. मकोंडोच्या मानाने 800 टन म्हणजे काहीच नाही. पण ठाण्याची खाडी चिंचोळी, उथळ आणि गाळाची. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं सरळ वर आलेली दिसतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. खालच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून झाड या छिद्रांतून हवा घेतं. भरतीला तेलाचा तवंग आत येतो, ओहोटीला पाणी जातं आणि चिकट थर मुळांवर राहतो. मुळं गुदमरतात. चिखलात मुरलेलं तेल तर फार हळू कुजतं, कारण ते खाणाऱ्या बहुतेक जिवाणूंना प्राणवायू लागतो. पनामात 1986 साली तेलाची टाकी फुटून खारफुटीत तेल गेलं, तिथे पाच वर्षांनंतरही गाळातून ते झिरपत होतं. उघड्या समुद्रात तेल पांगवणारी रसायनं फवारतात, मकोंडोला अशी सुमारे 70 लाख लिटर वापरली गेली. उथळ खाडीत तो उपाय चालत नाही, पांगायला पाणीच नसतं.

आणि याच चिखलात दिवाळे, सारसोळे, वाशीगावच्या कोळणींचा रोजगार आहे. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरून वेचलेली कालवं, निवट्या, चिंबोऱ्या टोपलीतून थेट दारोदार जातात. ट्रॉलरच्या मासळीची बंदरावर निदान नोंद होते, या टोपलीची कुठेही पावती नाही. उद्या तेल आलं तर या बाईने नुकसान सिद्ध कसं करायचं? प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच स्वीकारलंय. 2011 मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या 'रॅक' जहाजाच्या प्रकरणात हरित लवादाने 2016 मध्ये 100 कोटींच्या भरपाईचा आदेशही दिला. पण काय गेलं हे सांगायला आधी काय होतं याची नोंद लागते.

अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचं तेल समुद्राखालच्या नळांतून उरणला येतं. खाडीच्या मुखाशी जवाहर द्वीपावर तेलाची जहाजं लागतात, पलीकडे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, शुद्धीकरण कारखाने आहेत. 2022 पासून ठाण्याची खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. इतक्या तेलाच्या शेजारी राहणाऱ्या पाणथळीची मोजदाद अपघाताआधी ठेवणं, हा त्या तेलावर नफा कमावणाऱ्यांच्या खर्चाचाच भाग असायला हवा. गाळातलं हायड्रोकार्बनचं, म्हणजे तेलातल्या घटकांचं, प्रमाण ऋतूगणिक, ठरावीक चौरस मीटरमधल्या श्वसनमुळांची संख्या, आणि कोळीवाड्यांतल्या बायांनी स्वतः तोलून लिहिलेलं रोजचं वजन, इतकी माहिती पुरे. तेलाचा मालक शोधण्याचं तंत्रही आहे: प्रत्येक तेलातल्या होपेनसारख्या चिवट रेणूंचं प्रमाण वेगळं असतं, त्यावरून चिखलातलं तेल कुठल्या टाकीतलं हे ओळखता येतं. त्यासाठी टाक्यांचे आणि जहाजांच्या इंधनाचे नमुने आधीच तिसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत असले पाहिजेत, आणि वजनाची वही कोळणींच्याच ताब्यात.