आपल्याकडं सिंकहोल नाहीत, पण डोह आहेत, आणि ते कसे झाले हे माहीत पाहिजे

मे महिन्याची सुट्टी लागली की मोबाईलवर मेक्सिकोतल्या त्या निळ्याशार सेनोटेचे व्हिडिओ फिरायला लागतात, जमिनीला गोल भोक म्हणजे सिंकहोल, खाली काचेसारखं पाणी, आणि मग साताऱ्याच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच की असलं काही आपल्याकडं का नाही.

कारण दगड वेगळा. तिकडं युकातानमध्ये जमिनीखाली चुनखडी आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यानं ते किंचित ॲसिडिक होतं आणि चुनखडी हळूहळू विरघळवत राहतं, आत गुहा तयार होते आणि कधीतरी तिचं छत कोसळतं. यातले बरेच सेनोटे एका मोठ्या अर्धवर्तुळात आहेत, ती चिक्शुलूब विवराची कड आहे, ६.६ कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला तिथली. आणि साधारण त्याच काळात इकडं दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता! अजिंक्यतारा, यवतेश्वर, दंडोबा, सगळे डोंगर त्याच लाव्हाचे थर. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

तर आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. तो चुनखडीसारखा विरघळत नाही, त्याला झिजवावं लागतं. पावसाळ्यात नदीच्या पात्रात भोवरा होतो, त्यात गोटे अडकतात आणि एकाच जागी गरागरा फिरून कातळ पोखरतात, जात्यासारखं. ते रांजणखळगे. कुकडी नदीवर निघोजचे सगळ्यांना माहीत आहेत, पण कातळाचं पात्र असेल तिथं आपल्याकडंही छोटे मोठे दिसतात. ठोसेघरसारख्या धबधब्याखालचा डोहही असाच, वरचा कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर पाण्याच्या माऱ्यानं आधी जातो, म्हणून डोह कडेपासून आत कपारीत शिरलेला असतो.

आता पोहायला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. असल्या डोहाला उतार नसतो, गुडघाभर पाण्यात उभं असताना पुढच्याच पावलाला ठाव लागत नाही. शेवाळलेल्या कातळावर पाय घसरला की कडेला धरायला काही नसतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं, खालचं गारच, म्हणून वर कोमट वाटतं म्हणून सूर मारला की एकदम थंड पाणी लागून श्वास अडकतो, पोहणारी पोरंसुद्धा गडबडतात. धबधब्याच्या धारेखाली पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात की अंग नेहमीसारखं तरंगत नाही.

आणि एक, आभाळ कोरडं आहे म्हणून नदी वाढणार नाही असं धरू नका. धोम किंवा कोयना धरणातून शेतीसाठी आवर्तन सुटलं की खाली पाणी चढतं, त्यामुळं आधी गावात विचारून मगच उतरा. कराडच्या खाली पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत, ते वरून दिसतच नाहीत.

सांगलीकडं तर कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी, औदुंबरच्या लोकांना सांगायला नको. मादी उन्हाळ्यात काठाच्या वाळूत किंवा मातीत अंडी घालते, साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, तोवर ती राखणीला जवळपासच असते. म्हणजे आपली सुट्टी आणि तिची राखण एकाच वेळी चालू असते, त्यामुळं मगर दिसते असं गावकरी म्हणत असतील त्या काठावर पोरांना पाण्यात सोडू नका.