पाऊस मिलिमीटरमध्ये, निर्णय टीएमसीमध्ये

पावसाळ्यात कोयना धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, की नदीकाठचे लोक विचारतात, ‘हवामान खात्याने आधीच सांगितले होते, मग पाणी आधी का सोडले नाही?’ पुढे उन्हाळ्यात कृष्णेवरील टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाची वाट पाहणारे आटपाडी-जतचे शेतकरी विचारतात, ‘भर पावसाळ्यात एवढे पाणी का सोडून दिले?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे, की पावसाचा अंदाज कळला म्हणजे धरणाचे काय करायचे तेही कळते. प्रत्यक्षात अंदाज आणि दरवाजाची कळ यांच्यामध्ये बरेच गणित असते. ते गणित धरण चालवणाऱ्या अभियंत्याच्या हातात वेळेवर आणि त्याच्या भाषेत देण्याच्या व्यवस्थेला हवामान माहिती सेवा म्हणतात. हवामानबदलाच्या काळात तिचे महत्त्व फार वाढले आहे.

हवामान खात्याच्या परिभाषेत ‘अतिमुसळधार’ म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस. कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. या साऱ्या क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि जमीन आधीच भिजून तुडुंब असल्यामुळे जवळजवळ सगळे पाणी वाहून धरणात आले, तर येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, सुमारे ३.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) होतो. त्यामुळे ‘अतिमुसळधार’ या एका शब्दाचा अर्थ धरणावर ३.६ टीएमसी असू शकतो किंवा ६.४ टीएमसीही असू शकतो. शिवाय इशाऱ्यात ‘तुरळक ठिकाणी’ असे म्हटलेले असते, आणि त्याचा खात्याला अभिप्रेत असलेला अर्थ एकूण केंद्रांपैकी फार तर चतुर्थांश ठिकाणी असा आहे. म्हणजे तोच इशारा खरा ठरूनही धरणात एक टीएमसीसुद्धा येणार नाही, असे होऊ शकते. इशारा नागरिकांसाठी चांगला असतो. पूरनियंत्रण कक्षात दर तासाला पातळी, साठा, येवा आणि विसर्ग यांची नोंद करणाऱ्या माणसाला मात्र तो अपुरा पडतो.

दुसरी अडचण धरणाच्या रचनेतच आहे. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. परंतु सांडव्याच्या सहा वक्र दरवाजांना पाणी लागते ते साठा सुमारे ७३ टीएमसी झाल्यावर. त्याआधी नदीत पाणी सोडण्याचा मार्ग म्हणजे पायथा विद्युतगृह, आणि त्याचा विसर्ग साधारण २,१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचे, तर सुमारे ११,५७४ क्युसेक विसर्ग दिवसभर चालू ठेवावा लागतो. हे एकक ध्यानात ठेवले, की बातम्यांतले आकडे बोलू लागतात. २,१०० क्युसेकने तेवढेच पाणी सोडायला साडेपाच दिवस लागतात. उलट दरवाजांना पाणी लागलेले असताना पाच टीएमसी पाणी पाच दिवसांत सोडले, तर विसर्ग साडेअकरा हजार क्युसेकच्या आसपास राहतो आणि आधीच पूर नसेल तर नदी ते पाणी पात्रातच सामावून घेते. तेच पाच टीएमसी बारा तासांत सोडायची वेळ आली, तर विसर्ग १ लाख १५ हजार क्युसेकवर जातो. पाणी तेवढेच, पण काठावरच्या माणसाला त्याचा अनुभव अगदी निराळा. म्हणूनच धरणासाठी पाच-सात दिवस आधीचा अंदाज लाखमोलाचा असतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच्या आदल्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. दुष्काळ आणि महापूर एकाच सिंचन वर्षाच्या आगेमागे आले. धरणाचा प्रचालन आराखडा, म्हणजे कोणत्या तारखेला साठा किती असावा याची वक्ररेषा, मागील कित्येक दशकांच्या नोंदींवरून आखलेली असते आणि ‘जसे झाले तसेच होईल’ हे तिच्यातले न लिहिलेले गृहीत असते. ते गृहीत आता डळमळले आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२० मध्ये हवामान खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखाच बदलल्या: वायव्य राजस्थानातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली आणि मुंबईतून माघारीची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर. कॅलेंडरच सरकले असेल, तर त्यावर बेतलेली वक्ररेषा जागच्या जागी ठेवून कसे चालेल?

आता मला सर्वांत जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या भागाकडे येतो. वातावरणाच्या आजच्या स्थितीचे मोजमाप कधीच पूर्ण अचूक नसते आणि ही बारीकशी चूक दिवसागणिक फुगत जाते. म्हणून आधुनिक वेधशाळा एकच अंदाज काढून थांबत नाहीत. सुरुवातीच्या स्थितीत जाणूनबुजून किंचित फरक करून तेच प्रारूप, म्हणजे हवामानाचे संगणकीय गणित, अनेकदा चालवतात. याला समूह-अंदाज म्हणतात. भारतात २०१८ पासून १२ किलोमीटर जाळीचे, २१ सदस्यांचे (म्हणजे २१ वेळा चालवलेले) असे प्रारूप वापरात आले. कोयनेच्या पाणलोटात त्या जाळीचे जेमतेम सहा चौकोन बसतात आणि सह्याद्रीची धार त्यांत बोथट होते, त्यामुळे प्रारूपाचा पाऊस जुन्या अंदाजांशी आणि पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून दुरुस्त करावा लागतो. त्यानंतर २१ पाऊस २१ येव्यांमध्ये बदलायचे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १ ऑगस्टला साठा ८८ टीएमसी आहे, म्हणजे १७ टीएमसी जागा रिकामी आहे. २१ पैकी १६ सदस्य सांगतात, की पाच दिवसांत सहा ते बारा टीएमसी पाणी येईल; उरलेले पाच सांगतात, की सतराच्या वर येईल. सरासरी काढली तर काळजीचे कारण दिसत नाही. परंतु पुराची शक्यता २१ पैकी ५, म्हणजे सुमारे २४ टक्के आहे. पाच टीएमसी आधीच सोडावे का? सोडलेले पाणी पुन्हा भरून आले नाही, तर होणारे नुकसान पुराच्या टाळता येण्याजोग्या नुकसानीच्या निम्मे आहे असे धरू. आता खरा प्रश्न असा, की ते भरून न येण्याची शक्यता किती? १ ऑगस्टला पावसाचे दोन महिने शिल्लक असतात. समजा दहापैकी नऊ वर्षी धरण पुन्हा भरते. मग पाणी सोडण्याची खरी किंमत निम्म्याच्या एक दशांश, म्हणजे पुराच्या नुकसानीच्या ५ टक्के. पुराची शक्यता या ५ टक्क्यांच्या उंबरठ्याहून अधिक असेल तर पाणी सोडणेच शहाणपणाचे; इथे ती २४ टक्के आहे. आता हाच साठा आणि हाच अंदाज २० सप्टेंबरला आला असे समजा. धरण पुन्हा न भरण्याची शक्यता तेव्हा ८० टक्के असेल, तर उंबरठा ४० टक्क्यांवर जातो आणि तेच २४ टक्के आता पाणी धरून ठेवायला सांगतात.

अंदाज तोच असूनही तारखेगणिक योग्य निर्णय उलटा होतो. ‘धरण पुन्हा भरेल का’ हा आकडा पाच दिवसांच्या अंदाजातून मिळत नाही. तो पुढील दोन-चार आठवड्यांच्या विस्तारित अंदाजातून मिळतो, जो हवामान खाते दर गुरुवारी देते. तो शक्य होण्याचे एक कारण म्हणजे मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७१ मध्ये ओळखलेले, विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकत तीस ते साठ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ढगांचे आंदोलन. हाच आकडा जुन्या नोंदींच्या सरासरीवरून काढला आणि माघारीची तारीख आठवडाभर पुढे गेलेली असली, तर उंबरठाच चुकतो. हवामानबदल धरणाच्या रोजच्या निर्णयात शिरतो तो इथून.

हे गणित आकड्यांवर चालते, म्हणून नक्षत्रांच्या वाहनांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती वाहन असले की पाऊस चांगला, हे अजूनही जुलैच्या बातम्यांत गांभीर्याने छापले जाते. वाहन ठरते ते नक्षत्रांच्या मोजणीवरून. त्यात समुद्राचे तापमान, वाऱ्याची दिशा किंवा बाष्प यांपैकी काहीही येत नाही आणि ते कोयनेला व कर्नाटकातल्या आलमट्टीला एकच उत्तर देते. कृत्रिम बुद्धिमत्तेने आता सारे अचूक कळेल, ही घोषणाही तितक्याच सावधपणे घ्यावी. जे तंत्र आपली अनिश्चितता सांगत नाही, त्याचा वरच्या उदाहरणात उपयोग करताच येत नाही.

कॅलिफोर्नियातील लेक मेंडोसिनो या जलाशयात हे प्रत्यक्ष करून पाहिले गेले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये वादळाचे पाणी जुन्या नियमपुस्तिकेप्रमाणे सोडून देण्यात आले आणि पुढचे २०१३ साल अतिशय कोरडे गेले. नंतर अंदाजांना नियमात स्थान देण्यात आले: पुढे पाऊस दिसत नसेल तर पुरासाठी रिकाम्या ठेवलेल्या जागेतही पाणी धरायचे आणि दिसला तर आधी सोडायचे. २०२० च्या कोरड्या हंगामात या पद्धतीने जुन्या नियमापेक्षा सुमारे १९ टक्के जास्त पाणी राखता आले. तिथे नियम लेखी असल्यामुळे अंदाज फसला तरी अभियंत्यावर एकट्यावर दोष येत नाही. पाणी सोडले आणि पाऊस आला नाही तर चौकशी होणार, ही भीती डोक्यावर असलेला कोणताही अधिकारी वाट पाहणेच पसंत करेल, आणि त्याला त्यासाठी नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

कृष्णा-भीमा खोऱ्यात स्वयंचलित पर्जन्यमापक व पातळीमापकांचे जाळे आहे आणि विस्तारित अंदाज दर आठवड्याला येतो. हवा आहे तो त्यांना जोडणारा तक्ता: प्रत्येक धरणासाठी, पंधरवड्यागणिक बदलणारा, किती टक्के शक्यतेला किती क्युसेक हे आधीच ठरवून सही केलेला. तो मे महिन्यात नदीकाठच्या आणि लाभक्षेत्रातल्या लोकांसमोर ठेवावा. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर रब्बी आणि उन्हाळी आवर्तने ठरतात, तेव्हा वर्षभरात तक्ता कुठे पाळला, कुठे मोडला आणि अंदाज किती वेळा खरा ठरला, याचा हिशेबही कालवा सल्लागार समितीच्या त्याच बैठकीत मांडावा.